भांगाची तारीख

केसर तिसऱ्यांदा त्या बाकावर बसली आणि तिसऱ्यांदाही एकटीच बसली.

बाक लांबलचक, भिंतीला लावलेला. डाव्या टोकाला अर्जदाराने बसायचं आणि उजव्या टोकाला सामनेवाल्याने, हा भिकू शिपायाने घालून दिलेला नियम. मध्ये पाण्याचं पिंप, त्याला साखळीने बांधलेला पेला. डाव्या टोकाला रचना बसली होती. केसरची सून, म्हणजे अजून तरी सूनच. दिवाळी झाल्यावर ती श्रीवर्धनच्या बाजूला माहेरी निघून गेली आणि महिन्याभराने तिने या 'सांगाती कुटुंब सल्ला केंद्रा'त अर्ज टाकला. सल्ला चालू असेतो दोन्ही बाजूंनी बाहेर आपसांत बोलायचं नाही, असं भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं. चार वर्षं एका चुलीवर रांधलेल्या दोन बायकांनी एका बाकावर तोंड शिवून बसायचं, याला इथे समेट म्हणत होते.

केसरने पिशवीत सुक्या जवळ्याचा डबा आणला होता. तो पिंपाच्या आडून सरकवावा की नाही, या विचारात ती अर्धा तास होती. रचना वाळली होती. गालाची हाडं वर आली होती.

"चला, आत या," भिकू म्हणाला. "आज पण एकट्याच?"

केसरने त्याच्याकडे बघितलंच नाही. दारातल्या रजिस्टरात सही करायची होती. त्यात दोन रकाने होते, 'अर्जदारातर्फे हजर' आणि 'सामनेवाल्यातर्फे हजर'. भिकूने दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. केसरने तीन अक्षरं सावकाश काढली. मुलाच्या नावाच्या जागी आईची सही पडायची ही तिसरी वेळ.

सल्ला देणाऱ्या मृणाल मॅडम तिशीच्या आतल्या, पुण्याकडून आलेल्या. स्वभावाने वाईट नव्हत्या. पण केसर आत आली की त्या उठून खिडकी उघडायच्या. केसर सकाळी दोनदा साबण लावून अंघोळ करून आली होती, वेणीत अबोली माळली होती. तरी खिडकी उघडलीच.

"केतन शिवदास आजही आले नाहीत?"

"तो बोटीवर हाय."

"मागच्या वेळी?"

"बोटीवर."

"त्याआधी?"

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. केसरला उलटं वाचता येत नव्हतं, सुलटं वाचायचीही मारामारच, पण काय लिहिलं ते तिला कळलं.

"हे बघा, आमच्याकडे पाच बैठका असतात. दर पंधरा दिवसांनी, बुधवारी. तीन झाल्या. दोनमध्ये जर पतीने सहकार्य केलं नाही, तर मला 'समेट झाला नाही' असा शेरा मारून फाइल बंद करावी लागेल. मग कोर्ट. रचनाताई प्रत्येक वेळी दिघीची फेरी धरून, दोन गाड्या बदलून येतात. आणि हे इथल्या इथे असून येत नाहीत."

आता मात्र केसरचा तोल गेला.

"मॅडम, तुमी तारीखच अशी देताय! आज आवस हाय. मागची तारीख पुनवंची. त्याच्या आधीची परत आवस. आवस-पुनवंला उधान असतं. पान्याला ओढ असते तवाच आमच्या डोल जाळ्यात मावरं येतं. जाळं खुंटाला बांधलेलं असतं दर्यात. पानी फिरायच्या टायमाला उचललं न्हाय तर मावरं कुजतं, जाळं फाटतं. बोटीवर चार मानसं. एक न्हाय आला तर तिघं पन घरी बसतात."

"मग पुढच्या तारखेला..."

"पुढली तारीख पंधरा दिसांनीच ना? उधानापासनं पंधरा दिवस मोजले की परत उधानच येतं! तुमी वरीसभर दिल्यात तारखा तरी तो यायचा न्हाय. आठ दिवस अलीकडं द्या. भांगात द्या. सप्तमी-अष्टमीला पानी मेलेलं असतं, जाळी उन्हात पडलेली असतात, गडी पत्ते खेळतात. तवा मी त्याला कानाला धरून आनते."

मॅडमनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. त्यात तिथ्या छापलेल्या होत्या, पण त्या त्यांनी आजवर संकष्टीसाठीच बघितल्या असाव्यात. मग त्या रचनाकडे वळल्या.

"पुढच्याच बुधवारी ठेवू? तुम्हाला चालेल?"

रचनाने मान वर केली. मॅडमकडे नाही, केसरकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"चालंल," ती म्हणाली.

केसरचा जीव भांड्यात पडला. बाहेर पडताना तिने जवळ्याचा डबा रचनाच्या हातात कोंबला. भिकूने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. रचनाने डबा घेतला, पण 'येते' म्हणाली नाही.

परतीच्या एसटीत शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला. एरवी केसरने तिला दोन शब्द ऐकवले असते. आज तिचं लक्ष नव्हतं. ऑफिसातल्या शिकलेल्या बाईला साधं उधाण-भांग कळू नये आणि त्यापायी आपलं घर मोडायची वेळ यावी, याचाच तिला राग येत होता. आणि आपण ते सांगून पटवलं, याचा थोडा ताठाही होता. चौलचा नाका आला तरी ती मनातल्या मनात मॅडमशी भांडतच होती.

कोळीवाड्यात ती पोचली तेव्हा ऊन कलंडलं होतं. नवरा, शिवदास, मासळी वाळवायच्या खळ्यावर फळीला टेकून उभा होता. गुडघ्यांनी त्याला दोन वर्षांपूर्वीच बोटीवरून उतरवलं होतं. खाली बोंबलांच्या चार पाट्या तशाच पडलेल्या.

"हे कोन टांगनार?" केसर म्हणाली.

"तुझीच वाट बगत होतो."

तिने लुगडं खोचलं. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. बोंबलाचे दात बारीक, पण शंभर जोड्या झाल्या की बोटांची चाळण होते. पूर्वी या दोरीच्या अलीकडे ती आणि पलीकडे रचना असायची. रचनाचा हात तिच्याहून चपळ. मासळी विकायला रेवदंड्याच्या बाजारात रचनाच जायची, गिऱ्हाईकाशी हसून भांडायची. आता पहाटे टोपली केसरच्याच डोक्यावर, आणि दुपारी दोरीही केसरलाच. पंचावन्नाव्या वर्षी मान आखडून रात्री कूस बदलता येत नव्हती. सून घरात हवी ती काही नुसत्या मायेपोटी नाही, हे केसरला माहीत होतं आणि ते तिने स्वतःपासून लपवलंही नव्हतं.

केतन बोटीवरून आला तो अंगाला चिखल आणि खवले घेऊनच. अठ्ठाविशीचा, रुंद खांद्यांचा. इंजिनाशेजारी बसून बसून त्याला साधं बोलणंही ओरडूनच यायचं.

"काय बोलली?" त्याने अंगणातूनच विचारलं. चार घरांना ऐकू गेलं.

"आत ये आदी. पुढल्या बुधवारची तारीख घेतली. अष्टमी हाय."

"अष्टमी?" केतनचा चेहरा खुलला. "मग येतो की! भांगात मना काय काम हाय! आदीच सांगायचं होतंस त्यांना."

"आदी तू एकदा आला असतास तर तूच सांगितलं असतंस."

"कसा येनार? अल्पेश आनी बाकीचे घरी बसवू? त्यांची पोरंबालं न्हायत?"

केसरने भात वाढला. तिघेही जेवले. ज्या खोलीत तो आणि रचना निजायचे तिचं दार बंद होतं. दिवाळीपासून केतन पडवीत जाळ्यांच्या ढिगावर निजत होता.

भांडण तसं कुणाच्या डोळ्यांवर येण्यासारखं नव्हतंच. तो पीत नव्हता, हात उचलत नव्हता. सर्वपित्रीच्या आवसेला रचनाला पाचवा महिना चालू होता. दुपारी ती मोरीत भांडी घासताना खाली बसली ती उठलीच नाही. लुगड्यावर रक्त. केसरने केतनला फोन लावला. खाडीच्या तोंडाशी होता, रेंज होती. तो म्हणाला, "जाळं उचलून येतो." केसरनेच रिक्षा केली, केसरनेच दवाखान्यात सही केली. केतन आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. रचना भिंतीकडे तोंड करून निजली होती. तो म्हणाला, "मी येऊन काय करनार होतो? डॉक्टर होता ना."

खोटं काहीच नव्हतं त्यात. आणि त्यावर केसर म्हणाली होती, "नको रडू, बाय. माझेबी दोन असेच गेले. दर्याचा धंदा हाय, चालायचंच." तीही तसं वाईट काही बोलली नव्हती. रचना त्यानंतर दीड महिना घरात होती, दोरीवर बोंबील टांगत होती, बाजारात जात होती. फक्त हसून भांडायची थांबली होती.

अष्टमीच्या सकाळी केतनने दाढी केली, लग्नातला निळा शर्ट चढवला. शर्ट खांद्यावर तटतटत होता. शिवदासही काठी टेकत निघाला. "घरातला कर्ता मानूस नको का?" म्हणून. वाटेत वाळूवर जाळी पसरलेली होती, अल्पेश आणि दोघे सावलीत बसून सुतळीने भोकं शिवत होते.

"आन रे वयनीला!" अल्पेशने हाक मारली. "मावऱ्याचं कालवन तिच्या हातचं खाऊन महिने झाले!"

केतन हसला. केसरलाही बरं वाटलं. घरून निघताना तिने रचनाची खोली झाडून घेतली होती, गादी उन्हात टाकली होती.

बाकाच्या उजव्या टोकाला आज तिघे दाटीवाटीने बसले. रजिस्टरात केतनने स्वतः सही केली. "आले का साहेब!" भिकू म्हणाला. मॅडमनी खिडकी उघडायच्या आधीच केसरने उघडली.

"बसा, केतन. तुम्ही आलात, फार बरं झालं. तुम्हाला काय वाटतं ते शांतपणे सांगा."

"मना काय वाटायचं?" केतन म्हणाला. मॅडम दचकल्या. "आवाज जरा..."

"त्याचा आवाजच तसा हाय," केसर म्हणाली. "तो रागावलेला न्हाय."

केतनने हात मांडीवर पुसले. तळहातांवर दोरीच्या जुन्या-नव्या चिरा होत्या. "चुकलं माझं," तो रचनाकडे बघून, जमेल तितक्या हळू म्हणाला. "मी यायला पायजे होतं तवा. आता घरी चल. आयेला होत न्हाय आता. मनापन करमत न्हाय."

मॅडमचा चेहरा उजळला होता. त्यांनी नवीन कागद पुढे ओढला. शिवदासने काठी बाजूला ठेवली. केसरला वाटलं, झालं. चारची गाडी मिळेल.

"आज अष्टमी ना?" रचना म्हणाली.

"व्हय," केतन म्हणाला.

"जाळी कुठं हायत?"

"वाळूत. शिवायला काढलीत."

रचनाने मान हलवली. मग ती मॅडमना म्हणाली, "मॅडम, हा माझ्यासाठी आला असं लिहू नका. जाळी वाळूत हायत म्हनून आला, असं लिहा."

"रचनाताई, ते आले, हे महत्त्वाचं नाही का? याआधीच्या तारखा तर त्यांना..."

"त्या तारखा कोनी मागितल्या होत्या?"

मॅडमनी फाइल उलटली. अर्जाचं पहिलं पान काढलं. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"पहिली तारीख तुम्ही मागितली होती," त्या सावकाश म्हणाल्या. "मी त्याच्या आदला बुधवार देत होते. तुम्ही म्हणालात, पुढचा द्या."

"आवस होती पुढल्या बुधवारी. मी पन कोळ्याचीच पोर हाय, मॅडम. पंधरा दिसांनी परत काय येतं, ते मना ठाऊक होतं."

सव्वा महिना केसरने त्या शिकलेल्या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. कॅलेंडराला घातल्या होत्या, पंधरा दिवसांच्या नियमाला घातल्या होत्या. मागच्या वेळी रचना आपल्याकडे एवढा वेळ का बघत होती, ते तिला आत्ता कळलं.

"म्हंजी मुद्दाम?" केतनचा आवाज चढला. "मना येता येनार न्हाय असाच दिवस काढलास? वर मीच वाईट?"

"येता येत न्हाय असं काय हाय? पाय हायत, गाडी हाय. एक पानी सोडायचं, एका भरतीची खेप. मी वर्षाची पन्नास मागत न्हाय, एक मागते. अल्पेशची बायको बालंतीन झाली तवा तुमी समदेच तीन पान्यावर गेला न्हवता, त्याच्यासाठी. माझ्या टायमाला तू म्हनालास, मी येऊन काय करनार होतो."

"पन आता बोललो ना, चुकलं!"

"भांगात बोललास."

केतन उठून उभा राहिला, पुन्हा बसला. शिवदास खाकरला. "पोरी, मी चाळीस वर्षं दर्यात गेलो. तुझ्या सासूच्या दोन्ही टायमाला मी बोटीवर होतो. तिनं कदी काय म्हटलं न्हाय."

रचना केसरकडे वळली. "न्हाय म्हटलं, आये?"

केसरने तोंड उघडलं. तिला त्या दोन वेळा आठवल्या. पहिल्या वेळी ती एकटी चुलीपुढे होती, विस्तव विझलेला. सासू म्हणाली होती, दर्याचा धंदा हाय, चालायचंच. तिने काय म्हटलं होतं? काहीच नाही. कुणी विचारलंच नव्हतं. आज विचारलं, तर मुलगा शेजारी, नवरा शेजारी. तिने तोंड मिटलं.

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या पार थकल्यासारख्या दिसत होत्या. "आता एकच बैठक उरली आहे. तारीख तुम्हीच ठरवा."

"पुढचा बुधवार," रचना म्हणाली.

केसरने बोटांच्या पेरांवर मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती. पुनव होती.

तो आठवडा घरात कुणी विषय काढला नाही. भांग संपला, पाण्याला ओढ लागली. एकादशीपासून बोटी निघाल्या. केतन जात होता, येत होता, जेवत होता. केसर रोज दोरीवर जोड्या टांगत होती आणि वाट बघत होती की हा कधीतरी अल्पेशला सांगेल, बुधवारी दुसरा गडी बघ. वाड्यातला सुजित मोकळा होता, विचारलं असतं तर तो आनंदाने आला असता. तिच्या जिभेवर दहादा आलं. पण आईने सांगितल्यावर गेला, तर पुन्हा मॅडमपुढे तीच रड. हे त्याच्या तोंडून यायला हवं होतं.

मंगळवारी जेवताना मात्र तिच्याने राहवलं नाही. "सुजित काय करतो रे सध्या?"

"घरीच हाय," केतन म्हणाला. "पन त्याला जाळ्यातलं काय कळत न्हाय." आणि त्याने अजून भात मागितला.

बुधवारी सकाळी तो ओट्यावर येऊन बसला. अंगात निळा शर्ट होता. केसरने चहाचा कप पुढे केला. खाडीत पाणी चढत होतं, तळाला टेकलेल्या बोटी एकेक करून तरंगायला लागल्या होत्या. केतन बोटींकडे बघत होता. चहा गार झाला, त्यावर साय धरली.

"केतन! चल रे, पानी आलं!" अल्पेशची हाक आली.

केतन उठला. शर्टाची बटणं काढली, शर्ट घडी करून ओट्यावर ठेवला. खुंटीवरची बोटीवरची बंडी घातली.

"आये, तूच जा," तो म्हणाला. "सांग त्यांना, एवढं उधान जाऊ दे. पुढल्या भांगात..."

"बरं," केसर म्हणाली.

तिचं 'बरं' ऐकून तो जरा थबकला. तिने आरडाओरडा करावा, अशी त्याची अपेक्षा असावी. मग तो निघाला. चिखलातून त्याची पावलं फट्फट् वाजत गेली.

केसर आत आली. बंद खोलीचं दार उघडलं. रचनाच्या चार साड्या, दवाखान्याची फाइल, माहेरून आलेला पितळी डबा, बाजारात मासळी कापायची तिची सुरी, हे सगळं तिने मोठ्या पिशवीत भरलं.

"हे कशाला नेतेस?" शिवदासने विचारलं.

"तिचं हाय म्हनून."

एसटीत शेजारच्या माणसाने तोंड फिरवलं. केसरने त्याच्या पायावर पिशवी टेकवली आणि खिडकीकडे बघत बसली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही.

रचना बाकाच्या डाव्या टोकाला होती. केसर जिन्याने वर आली तशी ती उठली. तिने केसरच्या मागे बघितलं. जिना रिकामा होता. ती पुन्हा बसली. इतक्या तारखा मागून घेतल्या, तरी पोरीला आशा होती.

केसर उजव्या टोकाला गेली नाही. पिंपाला वळसा घालून रचनाजवळ बसली.

"ओ मावशी, तिकडे," भिकू म्हणाला.

"तू गप रे." पिशवी तिने रचनाच्या पायाशी ठेवली. "तुझं सामान हाय. सुरी धार लावून आनली."

रचनाने पिशवीत बघितलं.

"तू मागल्या वेळी मना इचारलंस," केसर म्हणाली. "मी कदी काय म्हटलं न्हाय. पन वाटलं होतं. दोन्ही वेळा वाटलं होतं. पयल्या वेळी मी त्याच्या बापसाचं ताट चार दिवस वाढलं न्हाय, सासूनं वाढलं. आनी तुझ्यावर वेळ आली तवा मी तुला सासूचंच बोलनं बोलले. ते चुकलं माझं." तिने नाक पदराला पुसलं. "आज भांग न्हाय. म्हनून आज सांगतेय."

रचनाने तिचा हात धरला. बोंबलाच्या दातांनी सोलवटलेली ती बोटं तिने दाबली, तेव्हा केसरला दुखलं, पण तिने हात काढला नाही.

"चला, आत," भिकू म्हणाला. त्याने रजिस्टर उघडलं आणि सवयीने दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

केसरने त्याचं बोट बाजूला केलं. पेन घेतलं. पहिल्या रकान्यात, 'अर्जदारातर्फे हजर' लिहिलं होतं त्याच्या खाली, तिने आपली तीन अक्षरं सावकाश काढली.

"अहो, तुम्ही मुलाच्या आई ना?" भिकू म्हणाला.

"व्हय," केसर म्हणाली, आणि रचनाच्या मागोमाग आत गेली.